प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसलेली नायिका

प्रति,
संचालक,
भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था,
लॉ कॉलेज रस्ता, पुणे



आपली संस्था ज्या जमिनीवर उभी आहे तिथे १९३३ पासून प्रभात फिल्म कंपनी होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाहेरून कुणी पाहुणा आला की तुम्हीच ते अभिमानाने सांगता. प्रभातच्या काळातला स्टुडिओ दाखवता, प्रभातच्या वस्तूंचं संग्रहालय दाखवता, शांतारामबापूंच्या नावाने ओळखला जाणारा तलाव दाखवता. हा अभिमान रास्तच आहे. मला बोलायचंय ते मात्र आतल्या स्टुडिओबद्दल नाही, फाटकाबद्दल. जुलै १९३९ मध्ये याच कंपनीच्या फाटकापाशी याच कंपनीची सर्वांत गाजलेली नायिका, शांता आपटे, उपोषणाला बसली होती. चांगली भूमिका द्या, जाहिरातीत नाव मोठं छापा, असलं काही तिचं म्हणणं नव्हतं. भांडण करारावरून आणि पगारावरून होतं.

आजच्या फाटकाची जागा नेमकी तीच की चार हात इकडेतिकडे, हा वाद हौशी इतिहासकारांनी खुशाल घालावा. माझ्या पत्राचा मुद्दा त्यावर अवलंबून नाही. या नटीची आठवण आपण चुकीच्या कारणासाठी ठेवली आहे आणि ती दुरुस्त करण्याची सर्वांत योग्य जागा तुमची संस्था आहे, एवढंच मला सांगायचंय.

चुकीचं कारण म्हणजे ती छडी. शांता आपटे हे नाव काढलं की जुन्या पिढीतला माणूस खुर्चीत जरा पुढे सरकतो आणि बाबूराव पटेलांचा किस्सा सांगतो. ‘फिल्मइंडिया’ या मासिकाचे हे संपादक नटनट्यांच्या बाबतीत जिभेला हाड नसलेले. शांताबाईंविषयी त्यांनी काहीबाही छापलं, तशा या बाई हातात छडी घेऊन त्यांच्या मुंबईतल्या कचेरीत शिरल्या आणि त्यांनी संपादकांना बदडलं, असा तो किस्सा. फटके किती, साल कोणतं, खोलीत आणखी कोण होतं, याबद्दल जितकी तोंडं तितक्या गोष्टी. किस्सा रंगतो हे मान्य. पण त्याच्या रंगतीत शांताबाई ‘तापट नटी’ होऊन बसल्या, आणि एकदा बाईला तापट म्हटलं की तिच्या प्रत्येक भांडणाचं कारण तिच्या स्वभावात शोधायची सोय होते. मग प्रभातच्या फाटकापाशी त्या का बसल्या, हे कुणी विचारत नाही. स्वभावच तसा होता म्हणे!

तर आधी थोडं त्यांच्याविषयी.

शांताबाईंचा जन्म १९१६ चा, सोलापूरकडच्या अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीचा. गाणं पंढरपुरात शिकल्या. भालजी पेंढारकरांनी १९३२ साली ‘श्यामसुंदर’ काढला, त्यात शाहू मोडक कृष्ण आणि शांता आपटे राधा. दोघंही कोवळी पोरं. बोलपट येऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि हा चित्रपट मुंबईत एकाच थिएटरात पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. तिथून त्या प्रभातमध्ये आल्या आणि ‘अमृतमंथन’मध्ये दिसल्या. १९३४ चा हा चित्रपट, कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आल्यावरचा पहिला. चंद्रमोहनचे ते पडदाभर डोळे सगळ्यांच्या लक्षात राहिले. गाणारी मुलगी मात्र संगीत देणाऱ्या केशवराव भोळ्यांच्या नजरेत भरली.

त्या काळी पडद्यावर गाणं म्हणजे बहुतेक वेळा बैठकीचं गाणं. नट किंवा नटी एका जागी उभी राहणार, समोर बघणार, तान घेणार, आणि गोष्ट तेवढा वेळ गाणं संपायची वाट बघत थांबणार. शांताबाई गाताना थांबत नसत. हात चालत, मान वळे, डोळे बोलत, मधेच हसू येई. गाण्याची तयारी त्यांच्याहून अधिक असलेल्या गायिका त्या काळात होत्या. पण त्या गाऊ लागल्या की गोष्ट थांबत नसे, पुढेच सरके. तुमच्याकडच्या मुलांना हे समजावायचं तर ‘अमरज्योती’ दाखवावा. त्यात दुर्गा खोट्यांचा दरारा आहे, तो आहेच. त्या दराऱ्यासमोर शांताबाईंची राजकन्या गाते, आणि चित्र एकदम हलकं होतं.

आणि मग ‘कुंकू’.

१९३७ चा ‘कुंकू’, हिंदीत ‘दुनिया न माने’. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आईबाप नसलेली नीरा, पैशाच्या लोभाने तिला म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधणारे नातेवाईक, आणि ‘हे लग्न मला मान्य नाही’ म्हणत त्याच घरात राहणारी, पण त्याला नवरा म्हणून जवळ येऊ न देणारी मुलगी. तो वकील म्हणजे केशवराव दात्यांचे काकासाहेब, हा मराठी अभिनयातला एक मानदंड आहे, त्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. मी दोन वेगळ्या गोष्टींकडे लक्ष वेधते.

पहिली गोष्ट आवाजाची. ‘कुंकू’ला पार्श्वसंगीत नाही. करुण प्रसंग आला म्हणून सारंगी रडत नाही, ताण आला म्हणून तबला धावत नाही. ऐकू येतात ते घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. भिंतीवरचं जुनं घड्याळ हे त्यातलं एक पात्रच म्हणा. १९३७ साली, बोलपटाचं वय सहा असताना, एवढा संयम! या शांततेत नटाची मोठी पंचाईत होते, कारण त्याच्या मदतीला कुणीच नसतं. एकविसाव्या वर्षी शांताबाई त्या शांततेत उभ्या राहिल्या आहेत, त्यांच्यासमोर दात्यांसारखा कसलेला रंगकर्मी आहे, आणि त्यांना कुठेही आवाज चढवावा लागत नाही. नकार द्यायचा म्हणजे किंचाळायचं, हा आपल्याकडचा अभिनयाचा मोठा गैरसमज. नीरा नकार देते तो बहुतेक वेळा शरीराने. ती वळते, दार लोटते, बोललेलं ऐकून न ऐकल्यासारखं हातातलं काम चालू ठेवते. रागाने पेटून उठते ती सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा. मग मात्र छडी घेऊन त्याला फोडून काढते. (बाबूराव पटेलांचा किस्सा एवढा का चिकटला, त्याचं एक कारण इथे असावं. लोकांनी पडद्यावरची छडी आधी पाहिली होती.)

दुसरी गोष्ट त्या इंग्रजी गाण्याची. भोळ्यांनी लाँगफेलोची कविता चालीवर बसवली आणि नऊवारीतल्या नीराच्या तोंडी घातली. त्या काळच्या मराठी प्रेक्षकाला हे किती चमत्कारिक वाटलं असेल! पण आज पाहताना चमत्कारिक वाटत नाही, कारण शांताबाई ते ‘इंग्रजी येतं बघा’ अशा थाटात गात नाहीत. शाळेत पाठ केलेली कविता घरकाम करता करता मुलगी गुणगुणते, तशा गातात. नीरा शिकलेली आहे आणि तिला फसवून या घरात आणलंय, हे दहा संवादांचं काम त्या एका गाण्यात होतं. काकासाहेबांच्या विधवा, समाजकार्य करणाऱ्या मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. संततिनियमनाचा प्रचार त्या प्रत्यक्षातही पुण्यात करत होत्या, पुढे राज्यसभेवर गेल्या. म्हणजे या चित्रपटात निदान एक बाई अशी होती की जिला पडद्यावरचं आणि बाहेरचं वेगळं काढायची गरज पडली नाही. दोन वर्षांत दुसरीलाही पडली नाही.

आता प्रभातविषयी, कारण तिच्यावर अन्याय करून माझं पत्र पुढे जाणार नाही. प्रभात ही त्या काळातली बरी कंपनी होती. बरी म्हणजे पुष्कळच बरी. नाटक कंपन्यांमध्ये हंगाम बुडाला की नटाचा पगार बुडायचा. सिनेमातही लहानसहान कंपन्या रातोरात गाशा गुंडाळायच्या. प्रभातमध्ये महिन्याचा पगार होता, शिस्त होती, येण्याजाण्याच्या वेळा होत्या, काम नीट शिकवणारी माणसं होती. मालकांपैकी दामल्यांना सगळे दामलेमामा म्हणत, फत्तेलालांना साहेबमामा. कोल्हापूरच्या पेंटर परंपरेतून वर आलेली, स्वतः हाताने रंग लावलेली, सेट ठोकलेली ही माणसं. त्यांच्याविषयी जुन्या कामगारांनी प्रेमाने लिहिलंय, त्यात काही खोटं नसावं.

पण गोम इथेच आहे. मालक मामा असला की त्याच्याशी व्यवहाराचं बोलायचं कसं? पगार कापला, तर भाच्याने मामाला कागद दाखवायचा? बाहेर काम करायची परवानगी हवी, तर घर सोडून निघालात असं होणार. कंपनी हे कुटुंब आहे, असं एकदा सर्वांनी मानलं की मालकाने दिलेलं ते प्रेम होतं आणि कामगाराने मागितलेला तो कृतघ्नपणा. त्यात कामगार बाई असली, तर कृतघ्नपणावर आगाऊपणाचा शिक्का वेगळा. दुर्गाबाई खोट्यांनी यातून आपली वाट काढली. त्या कुणा एका कंपनीच्या होऊन राहिल्या नाहीत, या कंपनीत एक चित्र, त्या कंपनीत दुसरं, असं स्वतंत्रपणे काम करत राहिल्या. त्यांच्यापाशी शिक्षण होतं, मोठ्या घरातला वावर होता, आणि मुलांना वाढवायची निकड होती. शांताबाई करारात होत्या.

वाद विकोपाला गेला तेव्हा एखाद्या नटीने काय करायचं असे? रडायचं, आजारी पडायचं, मध्यस्थ पाठवायचा, किंवा मुकाट दुसऱ्या कंपनीत जाऊन कोर्टाची नोटीस घ्यायची. शांताबाईंनी यातलं काही केलं नाही. त्या कंपनीच्या दारातच बसल्या आणि जेवण सोडलं.

त्या वर्षीची हवा लक्षात घ्या. मार्च १९३९ मध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं. त्याआधी नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप केला होता. उपोषण आणि संप ही त्या काळातल्या माणसाच्या ओळखीची हत्यारं होती. पण ती वापरायची गिरणी कामगाराने, सत्याग्रह्याने. चित्रपटातल्या नायिकेने ती हातात घेणं म्हणजे ‘मीही कामगारच आहे’ असं चारचौघांत सांगणं होतं. लोकांना धक्का बसला तो बहुधा याचाच. मोटारीतून फिरणारी, जिची गाणी घरोघरी ग्रामोफोनवर वाजतात ती बाई स्वतःला कामगार म्हणवते? उपोषण फार लांबलं नाही. वर्तमानपत्रांना मजकूर मिळाला, टिंगल करणाऱ्यांना विषय मिळाला. शांताबाई प्रभातमधून बाहेर पडल्या, पुन्हा तिथे गेल्या नाहीत.

गंमत अशी की त्यानंतर तीन वर्षांनी, १९४२ मध्ये, मालकांपैकीच एक असलेले खुद्द शांतारामबापूही प्रभात सोडून गेले आणि त्यांनी मुंबईत राजकमल उभारलं. त्यांच्याआधी केशवराव धायबर गेले होते. कुटुंबातून मालक बाहेर पडले की त्याला भागीदारी संपणं म्हणतात. नटी बाहेर पडली की नखरे म्हणतात.

महोदय, या सगळ्याला नुसता किस्सा म्हणून सोडता आलं असतं, जर शांताबाई तिथेच थांबल्या असत्या तर. पण १९४० साली त्यांनी एक पुस्तक प्रसिद्ध केलं. नाव ‘जाऊ मी सिनेमात?’ सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींचा प्रश्नच त्यांनी पुस्तकाचं नाव केला. त्या काळात हा प्रश्न घरोघरी विचारला जात होता आणि त्याची ठरलेली उत्तरं दोनच होती: कलेची सेवा होते म्हणून जा, किंवा अब्रू जाते म्हणून जाऊ नको. शांताबाईंनी दोन्ही बाजूला सारली. त्यांनी मालक आणि कलावंत यांच्यातला व्यवहार मांडला, करार कोणाच्या बाजूने लिहिलेला असतो ते सांगितलं, नटीचं शरीर आणि आवाज या उद्योगात कसा झिजवला जातो, ते सांगितलं. अब्रूच्या प्रश्नाला श्रमाच्या प्रश्नाकडे वळवणारं हे पुस्तक एका चोवीस वर्षांच्या नटीने मराठीत लिहिलं, तेही स्वतःचं नाव शिखरावर असताना.

मराठी नट्यांची आत्मकथनं हा आपल्या भाषेचा मोठा ठेवा आहे. दुर्गाबाईंचं ‘मी, दुर्गा खोटे’ आहे, हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ आहे, लीला चिटणिसांचं ‘चंदेरी दुनियेत’ आहे. ‘सांगत्ये ऐका’वरून तर श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ काढला, आणि त्यात स्मिता पाटील काय उभ्या राहिल्या ते सर्वज्ञात आहे. पण ही पुस्तकं बहुधा आयुष्य उतरणीला लागल्यावर, मागे वळून पाहताना लिहिली गेली. शांताबाईंचं पुस्तक मागे वळून पाहत नाही. लढाई चालू असताना लिहिलेलं ते जाहीर निवेदन आहे. तुमच्यासारख्या संस्थेत ते वाचनालयाच्या कपाटात असेल तर बाहेर काढायला हवं, नसेल तर मिळवायला हवं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तुमच्या शेजारीच आहे.

पुढची त्यांची कारकीर्द थोडक्यात सांगते, कारण खरं सांगायचं तर ती उतरतीच होती. मात्र तिची सुरुवात अजिबात उतरती नव्हती. प्रभात सुटल्यावर त्या थेट मद्रासकडे गेल्या. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’त त्या सावित्री आणि नारद साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मी. तमिळ भाषा त्या मुद्दाम शिकल्या आणि ती भूमिका करून मोकळ्या झाल्या. (सुब्बुलक्ष्मींनी नारद का स्वीकारला, तर त्या पैशातून ‘कल्की’ साप्ताहिकाला भांडवल मिळावं म्हणून. म्हणजे त्या एका चित्रपटात दोन गाणाऱ्या बाया आपापल्या हिशोबाने व्यवहार करत होत्या. भक्तिपटात असा व्यवहार दिसला की मला बरं वाटतं.) मग लाहोरच्या पांचोलींचा ‘जमीनदार’, त्याला गुलाम हैदरांचं संगीत. ‘दुहाई’त समोर नूरजहान. मास्टर विनायकांच्या ‘सुभद्रा’त लता मंगेशकरांबरोबर गाणं. त्या वेळी लताबाई अजून ‘लता मंगेशकर’ व्हायच्या होत्या.

आणि मग काळ फिरला. पार्श्वगायन रुळलं आणि नायिकेने स्वतः गायची गरजच संपली. चेहरा एकीचा, गळा दुसरीचा, अशी वाटणी झाली, तेव्हा ज्यांचा सगळा जोर दोन्ही एकत्र असण्यात होता त्यांच्या हातात काय उरणार? गाणाऱ्या नटनट्यांची ती अख्खी पिढीच अशी बाजूला पडली. शांताबाई मराठीत काम करत राहिल्या, ‘जागा भाड्याने देणे आहे’ वगैरे चित्रपट केले, मग पौराणिक चित्रपटांत दिसत राहिल्या. १९६४ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्या गेल्या. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांची मुलगी नयना आपटे यांनी पुढे मराठी रंगभूमी गाजवली.

तुमची संस्था १९६० मध्ये सुरू झाली, म्हणजे त्या हयात असतानाच, त्यांनी सोडलेल्या आवारात. पडद्यावर गाताना गोष्ट चालू कशी ठेवायची, हे मुलींना सांगायला त्यांना कुणी कधी बोलावलं होतं का, हा विचार माझ्या मनात येऊन जातो. त्यावर जास्त बोलत नाही.

आजचं बोलते. केरळच्या चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या हेमा समितीचा अहवाल २०१९ च्या अखेरीस सरकारला सादर झाला आणि लोकांसमोर आला थेट ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग काळा करून. लैंगिक छळाच्या भागावर चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्याच अहवालात लेखी करार नसणं, ठरलेले पैसे न मिळणं, सेटवर स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा नसणं, हेही आहे. या दोन्ही गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्या बाईपाशी कागद नाही, ती कशालाच नाही म्हणू शकत नाही. नीराने नाही म्हणायला घरातली एक खोली आणि एक छडी पुरली. सेटवर करार लागतो.

आणि हे फक्त केरळचं नाही. मालिकेत निवड झालेल्या एका मुलीने मला तिचा करार दाखवला होता. इंग्रजीत, जाडजूड, रात्री मोबाइलवर आलेला. ‘उद्या सकाळी सहीची प्रत घेऊन ये, नऊचा कॉल आहे’ असा निरोप सोबत. त्यात बारा तासांची शिफ्ट होती, पण घरून निघाल्यापासून की मेकअपच्या खुर्चीत बसल्यापासून, ते नव्हतं. पैसे नव्वद दिवसांनी मिळणार होते. मालिका बंद पडली तर त्या नव्वद दिवसांचं काय, ते नव्हतं. मालिका चालू असेपर्यंत दुसरीकडे काम करायचं नाही हे होतं, पण महिन्यातून इतके दिवस काम नक्की देऊ, हे नव्हतं. तिला मी म्हटलं, निदान या तीन ओळी विचारून घे. ती म्हणाली, “ताई, असं विचारलं तर वाटेल की मी अॅटिट्यूड दाखवतेय. ते लोक खूप चांगले आहेत हो. आम्हाला फॅमिलीच म्हणतात.”

तिने सही केली. मीही तिच्या जागी असते तर केली असती, कारण तिच्यामागे रांग होती.

मध्यंतरी हिंदीतल्या एका मोठ्या नायिकेने आठ तासांचीच शिफ्ट मागितली, तर महिनाभर काय काय ऐकावं लागलं तिला. तिला ते परवडतं. रांगेतल्या मुलीला परवडत नाही. म्हणून ही गोष्ट नटीच्या धाडसावर सोडून चालणार नाही, ती शिकवावी लागेल. अभिनय शिकवता येतो यावर तुमच्या संस्थेचा विश्वास आहे. जया भादुरी, शबाना आझमी, रेहाना सुलतान याच आवारातून गेल्या. मधली बरीच वर्षं अभिनयाचा अभ्यासक्रम बंद होता, तो पुन्हा सुरू झाला. आवाज, शरीर, कल्पनाशक्ती हे सगळं तुम्ही घडवता. मग ते आवाज आणि शरीर बाजारात कोणत्या अटींवर जाणार आहे, हेही तिथेच शिकायला मिळावं. आज शिकवत असाल तर उत्तमच, तास वाढवा. जाणत्या वकिलाला बोलवा. खरेखुरे करार, नावं झाकून, मुलांपुढे ठेवा. कॉल, शिफ्ट, डबिंगचे दिवस, रद्द झालेला दिवस, पुन्हा दाखवण्याचे पैसे, यातला एकेक शब्द कलमात कसा यायला हवा, ते दाखवा. आणि मुलीने निर्मात्याला ‘हे कलम मला मान्य नाही’ असं शांतपणे, आवाज न चढवता कसं सांगायचं, याचा सराव अभिनयाच्या वर्गातच करून घ्या. हवा तर ‘कुंकू’ आदल्या दिवशी दाखवा. मराठीच दाखवा, हिंदी नको.

दुसरी मागणी पाटीची. फाटकापाशी, आत येणाऱ्याला दिसेल अशी. मजकूर साधा असावा: जुलै १९३९ मध्ये चित्रपट अभिनेत्री आणि गायिका शांता आपटे यांनी करार आणि पगार यांसाठी इथे उपोषण केले. पुढे ‘जाऊ मी सिनेमात?’ या पुस्तकाचं नाव आणि साल. ‘तेजस्वी’, ‘बंडखोर’, ‘मानिनी’ यांपैकी एकही विशेषण नको. विशेषणांनी आपण बायकांना देव्हाऱ्यात बसवतो आणि त्यांची मागणी बाहेर चपलांपाशी ठेवतो.

काहींना यात प्रभातचा अपमान वाटेल. प्रभातवर प्रेम करणारी माणसं पुण्यात पुष्कळ आहेत, मीही त्यांतलीच. पण ज्या कंपनीने ‘कुंकू’ काढला तिच्या दारात ‘कुंकू’ची नायिका हक्क मागायला बसली, ही प्रभातच्या इतिहासातलीच गोष्ट आहे, त्याच्या बाहेरची नाही. आणि संप तुमच्या आवाराला काही नवा नाही. २०१५ साली तुमच्या विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला होता. कोणाची बाजू बरोबर होती यावर आजही मतभेद आहेत, असू देत. त्या मुलांना त्या दिवसांत कुणी सांगितलं असतं की याच फाटकापाशी शहात्तर वर्षांपूर्वी एक नटी एकटीच बसली होती, तर त्यांच्या फलकांवर तिचं नाव नक्की आलं असतं.

पाटीचा खर्च मोठा नाही. वर्गणी लागली तर पुण्यातल्या चित्रपट रसिकांकडून जमेल, त्याची जबाबदारी घ्यायला आम्ही काहीजण तयार आहोत. वर्गाचं मात्र तुम्हालाच करावं लागेल. विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय यावा आणि येत्या वर्षी प्रवेश घेणाऱ्या तुकडीपासून सुरुवात व्हावी, अशी विनंती आहे. या पत्राची प्रत सांस्कृतिक कार्य विभागाला आणि कलावंतांच्या संघटनांना पाठवत आहे. उत्तर जाहीरच द्यावं, म्हणजे मालिकांच्या सेटवर मेकअपच्या खुर्चीत बसलेल्या मुलींनाही ते वाचता येईल.

कळावे,
आपली,
पुण्यातली एक प्रेक्षक